सापाचे पिल्लू पहिला घास कधी घेते?

मे महिन्यात शेणखतासाठी उकिरडा उकरला, बांध सारखा करायला जेसीबी लावला किंवा जुन्या कांदा चाळीचा तळ मोकळा केला, की येवला तालुक्यात कुठे ना कुठे सापाची अंडी निघतात. पांढरी, लांबट, मऊ कवचाची आणि बहुतेक वेळा एकमेकांना चिकटलेली. काही जण ती जागीच ठेचतात. समंजस शेतकरी सर्पमित्राला फोन करतो. अंडी वाचतात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास फुटतात, आणि वीतभर लांबीची वळवळती पिल्ले समोर आली की घरातला प्रत्येक जण एकच विचारतो: यांना खायला काय घालायचे?

नाशिक, पुणे, मुंबई या शहरांत बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप रीतसर पाळणारेही आता आहेत. त्यांच्याकडे पिल्ले निघाली की त्यांचीही काळजी हीच असते. पिल्लू भक्ष्याकडे बघत नाही, तोंड फिरवते, कोपऱ्यात वेटोळे करून बसते. पाळणारा रोज नवे काहीतरी पुढे करतो आणि पिल्लू आणखी बुजते.

या दोन्ही पिल्लांना पहिल्या आठवड्यात खाण्याची गरज नसते. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. शेतातल्या सापाच्या पिल्लाला आपण भरवायचेच नसते, ते सोडायचे असते. पाळीव पिल्लाला भरवायचे, पण आधी त्याची राहण्याची सोय नीट लावून, आणि त्याच्या वेळेने. या लेखात हे दोन्ही क्रमाने पाहू.

आधी ठरवा: पिल्लू कोणाचे?

नाग, धामण, मण्यार, दिवड, कवड्या, तस्कर, मांडूळ, अजगर हे सगळे आपल्याकडचे देशी साप. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली ते संरक्षित आहेत. ते घरात पाळणे, विकणे, त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. पिल्लू बिनविषारी आहे, आपल्याच शेतात सापडले, मुलांना त्याचा लळा लागला, या सबबी कायद्यापुढे चालत नाहीत. नागासारखे साप या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षे कैदेची तरतूद आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या कायद्यातली शिकारीची व्याख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांनाही लागू होते. त्यांची अंडी फोडणे किंवा त्यांची घरटी विस्कटणे हीसुद्धा शिकारच धरली जाते.

परदेशी सापांचे नियम निराळे आहेत. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातीही कायद्याच्या कक्षेत आल्या. बॉल पायथन त्यांपैकीच एक. अशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियम 2024 मध्ये निघाले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. मूळ जोडीची नोंद करून भागत नाही. पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. तो कुठून, कसा आणला गेला हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि आजारी पडल्यावर डॉक्टरकडे नेतानाही तुमचा पाय अडखळेल.

पोटातली शिदोरी

सापाचे पिल्लू तोंडाच्या टोकावर असलेल्या बारीकशा दाताने अंड्याचे कवच आतून चिरते. हा दात पुढे काही दिवसांत गळून पडतो. चीर पडली म्हणजे पिल्लू लगेच बाहेर येते असे नाही. नुसते तोंड बाहेर काढून ते तासन्‌तास, कधी दिवस-दोन दिवस अंड्यातच बसते. पाहणाऱ्याला वाटते ते अडकले आहे. खरे तर त्या वेळात ते अंड्यात उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. हाच बलक त्याचे पहिल्या आठवड्याचे, कित्येकदा त्याहून अधिक दिवसांचे अन्न.

अशा वेळी दया येऊन कवच फाडले, पिल्लू ओढून बाहेर काढले, तर बलकाची पिशवी बाहेरच राहते, नाळ तुटते, रक्त जाते आणि पिल्लू दगावते. त्यामुळे अंडे चिरल्यापासून पिल्लू आपणहून बाहेर येईपर्यंत हात लावायचा नाही.

बाहेर आल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांत पिल्लू पहिली कात टाकते. बहुतेक जातींची पिल्ले पहिले भक्ष्य घेतात ते त्यानंतरच. तोवर त्यांना हवी असते ऊब, ओलावा, लपायला जागा आणि शांतता. या काळात पिल्लू खात नसेल तर तो आजार नाही.

अंडी हाती आली तर

पहिला नियम असा की अंडी जिथे आहेत तिथेच राहू देता आली तर तेच उत्तम. उकिरड्याच्या कडेला अंडी दिसली आणि तो भाग दोन महिने सोडता येत असेल, तर माती पुन्हा हलक्या हाताने लोटा, खुणेची काठी रोवा आणि तेवढा तुकडा सोडून काम करा. नागीण अंड्यांजवळ थांबून राहते, त्यामुळे कुतूहलाने जवळ जाऊन पाहू नका.

जागा सोडणे शक्य नसेल तर वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. वनविभागाशी जोडलेला प्रशिक्षित सर्पमित्र अंडी हलवील. हे काम करणाऱ्याने पुढच्या गोष्टी सांभाळायच्या.

कोंबडी तिची अंडी फिरवते, सापाची अंडी मात्र फिरवायची नसतात. अंडी घातल्यावर दिवस-दोन दिवसांत आतला गर्भ कवचाला एका जागी धरतो. अंडे उलटे झाले तर तो गुदमरू शकतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेवा. चिकटलेली अंडी सुटी करू नका. ती धुऊ नका.

झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात दमट कोकोपीट किंवा व्हर्मिक्युलाइट घ्या. कोकोपीट येवल्यात कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. ओल किती हवी याची साधी परीक्षा म्हणजे मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. अंडी अर्धी त्यात रोवा. झाकणाला दोन-चार बारीक छिद्रे पुरतात. तापमान 28 ते 30 अंश सेल्सिअसच्या आसपास राखा. येवल्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली अंडी भाजून निघतात. डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत जमिनीवर ठेवा आणि शेजारी तापमापक ठेवा. अंडी खपाटीला जाऊ लागली तर ओल कमी पडते आहे असे समजून डब्याच्या कडेने थोडे पाणी सोडा, अंड्यांवर ओतू नका. फुटण्याच्या आधी काही दिवस अंडी थोडी आक्रसतात, ते स्वाभाविक आहे.

नाग आणि धामण यांची अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात. घोणस, फुरसे, मांडूळ, हरणटोळ हे साप अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर एकाच जागी वीस-तीस जाड बुटकी पिल्ले दिसली, तर ती घोणसाची असण्याची शक्यता मनात धरूनच मागे सरका.

देशी पिल्लांना भरवू नका, सोडा

बलक पोटात गेला, बेंबीची जागा मिटली, पिल्लू चपळ झाले, की एक-दोन दिवसांत ते सोडायला हवे. पहिली कात टाकेपर्यंत थांबायची गरज नाही. ‘थोडे खाऊन तगडे होऊ दे, मग सोडू’ हा विचार प्रेमातून येतो, पण नुकसान पिल्लाचेच होते.

त्याचे पहिले कारण खाद्याचे. या पिल्लांचा आहार आपल्याला घरात जमवताच येत नाही. धामण आणि नाग यांची पिल्ले बेडकांची पिल्ले, लहान सरडे, पाली धरतात. दिवडीच्या पिल्लांना बेडूकमासे आणि छोटे मासे लागतात. गवत्या बेडकांवर जगतो. कवड्याला पाली हव्यात. मण्यार इतर साप खाते. तिचे पिल्लू वाळ्यासारखे बारीक साप आणि सापसुरळ्या शोधते. फुरशाचे पिल्लू किडे, गोम, विंचू यांच्यावर वाढते. वाळा तर मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खातो. कोंबडीच्या मांसाचा तुकडा, उकडलेले अंडे, दूध-भात यांतले काहीही या पिल्लांचे अन्न नाही. तोंड उघडून कोंबलेला तुकडा अन्ननलिका फाडतो किंवा पोटात कुजतो.

दुसरे कारण ऋतूचे. जूनमध्ये पाऊस पडला की शेततळी, नाले, पालखेड कालव्याच्या कडेची डबकी बेडकांच्या आवाजाने भरून जातात. पुढच्या दीड-दोन महिन्यांत बोटाच्या पेराएवढे बेडूक बांधाबांधाने उड्या मारू लागतात. अंड्यांतून पिल्ले निघतात ती नेमकी याच दिवसांत. त्यांचा पहिला घास शेतात तयार असतो. आपण पिल्लू डब्यात महिनाभर धरून ठेवले तर हा सुकाळ त्याच्या हातून निसटतो. पाऊस सरतो, थंडी पडते आणि मग सोडलेले उपाशी पिल्लू तग धरत नाही.

सोडायचे कुठे, यातही गफलत होते. साप म्हणजे जंगलातला प्राणी असे समजून काही जण सगळी पिल्ले गाडीवर घालून ममदापूर-राजापूरच्या वनात नेऊन सोडतात. ते माळरान काळविटांचे आहे. दिवडीला तिथे पाणी मिळत नाही आणि शेतातल्या धामणीला तिथली बिळे, तिथले शत्रू परके असतात. पिल्ले जिथे अंडी सापडली त्याच शिवारात, शक्यतो एक किलोमीटरच्या आत सोडा. धामणीची पिल्ले बांधाच्या झुडपांत, दिवडीची पाण्याकाठच्या गवतात, कवड्याची दगडांच्या राशीत. सगळी एका जागी ओतू नका, पाच-पन्नास पावलांच्या अंतराने विखरून सोडा. दिवसा फिरणाऱ्या धामणीसाठी सकाळची वेळ चांगली, रात्री फिरणाऱ्या मण्यार, कवड्या यांच्यासाठी तिन्हीसांजेनंतरची. भर उन्हात कोणतेच पिल्लू सोडू नका. सोडताना वनविभागाकडे नोंद व्हायला हवी.

जखमी पिल्लू, पाठीचा कणा वाकडा असलेले पिल्लू किंवा ऐन थंडीत सापडलेले अशक्त पिल्लू घरी ठेवून उपाय करू नका. ते वनविभागामार्फत वन्यजीव उपचार केंद्रात जायला हवे.

पिल्लू लहान, विष खरे

नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची पिल्ले जन्मल्या क्षणापासून विषारी असतात. नागाचे वीतभराचे पिल्लू फणा काढते आणि दंशही करते. ओळखीत चूक व्हायला वेळ लागत नाही. कवड्या आणि मण्यार यांची पिल्ले नवख्याला सारखीच दिसतात. डुरक्या घोणस बिनविषारी, पण तिच्या अंगावरचे ठिपके घोणसाची आठवण करून देतात, आणि त्याउलट घोणसाच्या पिल्लाला डुरक्या समजून हातात घेणारेही असतात. म्हणून ओळख पक्की नसलेले पिल्लू विषारीच समजा.

दंश झाला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने येवल्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पोहोचा. भारतात वापरली जाणारी सर्पविषविरोधी लस या चारही सापांच्या विषावर चालते. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याची गरज नाही.

पाळीव पिल्लू: भक्ष्याआधी राहण्याची सोय

आता रीतसर नोंदणी केलेल्या परदेशी सापांकडे वळू. पिल्लू खात नाही अशी तक्रार आली की भक्ष्य बदलण्याची घाई होते. दोष मात्र बहुतेक वेळा भक्ष्यात नसून डब्यात असतो. पुढच्या चार गोष्टी आधी तपासा.

ऊब: साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून पचन करत नाहीत, बाहेरची ऊब नसेल तर पोटात गेलेले अन्न सडते. म्हणून थंड पडलेले पिल्लू खातच नाही. बॉल पायथनच्या पिल्लाला डब्याची एक बाजू 31-32 अंश आणि दुसरी 26-27 अंश हवी. कॉर्न स्नेकला उबदार बाजू 28-30 अंश आणि थंड बाजू 23-24 अंश पुरते. डब्याच्या एका बाजूखाली हीट मॅट ठेवा आणि तिला थर्मोस्टॅट जोडाच, नाहीतर तळ तापून पिल्लाचे पोट भाजते. येवल्याच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर रात्रभरात डबा गार पडतो. इन्व्हर्टर नसेल तर जाड थर्मोकोलच्या पेटीत डबा ठेवून, बाहेरच्या बाजूने कोमट पाण्याची बाटली टेकवण्याची तयारी ठेवा.

डब्याचे माप: लहान पिल्लाला मोठी काचपेटी दिली की ते धास्तावते. पाच-सहा लिटरचा हवेशीर डबा पहिल्या काही महिन्यांना पुरतो.

आडोसा: अंगाला सगळीकडून टेकेल असा तोकडा आडोसा उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक हवा. उलटी घातलेली, कडेला दार कापलेली छोटी प्लॅस्टिकची वाटीही चालते. आडोशात बसलेले पिल्लू निर्धास्त असते आणि निर्धास्त पिल्लूच शिकार करते.

ओलावा: बॉल पायथनला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, कात टाकताना थोडी अधिक. उन्हाळ्यात येवल्याची हवा कोरडीठाक असते. ओलसर शेवाळ किंवा दमट कोकोपीट भरलेला छोटा डबा आत ठेवा. पाण्याचे भांडे कायम भरलेले आणि रोज धुतलेले असावे.

ही सोय झाली की पहिली कात टाकेपर्यंत पिल्लू हाताळू नका. फोटो काढणे, पाहुण्यांना दाखवणे हे सारे पुढे ढकला. कात टाकल्यावर आणखी चार-पाच दिवस जाऊ द्या, मग पहिले भक्ष्य द्या.

काय द्यायचे, केवढे द्यायचे

कॉर्न स्नेकचे नवजात पिल्लू वजनाने दहा ग्रॅमच्या आतच असते. त्याला दिवस-दोन दिवसांचे, केस न फुटलेले उंदराचे पिल्लू द्यायचे. पाळणारे त्याला पिंकी म्हणतात. बॉल पायथनचे पिल्लू जन्मतःच थोराड, साधारण 50 ते 80 ग्रॅमचे असते. त्याला डोळे उघडलेले, अंगावर केस आलेले उंदराचे पिल्लू चालते. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, त्याहून जास्त नको.

भक्ष्य प्रयोगशाळेसाठी किंवा खाद्यासाठी पैदास केलेल्या पांढऱ्या उंदरांचेच असावे. घरातला पकडलेला उंदीर देऊ नका. त्याच्या पोटात विषारी गोळी गेलेली असू शकते, अंगावर गोचिडी-पिसवा असतात. बाहेरून धरलेली पाल किंवा बेडूकही नको, त्यांच्यासोबत जंत येतात.

शक्यतो मेलेले, गोठवून ठेवलेले भक्ष्य वापरा. मोठा जिवंत उंदीर कोंडलेल्या सापाला चावतो आणि लहान पिल्लाचा डोळा किंवा कणा त्यात जायबंदी होतो. गोठवलेले भक्ष्य रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्या. नंतर प्लॅस्टिक पिशवीत बंद करून गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटे धरा आणि अंगावरून कोरडे करा. हाताला ते जिवंत प्राण्याइतके कोमट लागले पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका. ते बाहेरून गार आणि आतून शिजलेले निघते. एकदा वितळलेले भक्ष्य पुन्हा गोठवू नका.

वेळ संध्याकाळनंतरची. दिवे मंद करा. लांब चिमट्याने भक्ष्य धरून पिल्लापासून दोन-तीन इंच अंतरावर हळूच हलवा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, त्यामुळे त्याला कोमट भक्ष्य लगेच उमगते. पिल्लाने झडप घातली तर हलू नका. गिळायला त्याला आपला वेळ लागतो. गिळून झाल्यावर दोन दिवस हात लावू नका. पुढचे भक्ष्य कॉर्न स्नेकला पाच ते सात दिवसांनी आणि बॉल पायथनला आठवड्याने द्या.

तरीही खात नसेल तर, क्रमाने

एकाच दिवशी सगळे उपाय करू नका. दर प्रयत्नानंतर पाच-सात दिवसांची विश्रांती द्या. रोज भक्ष्य पुढे केले की पिल्लाला ते संकट वाटू लागते.

1. डोळे निळसर-दुधी झाले असतील तर कात येते आहे. काहीही न देता थांबा.

2. तापमान आणि आडोसा पुन्हा मोजून पाहा. अंदाजावर विसंबू नका, तापमापक वापरा.

3. भक्ष्य चिमट्याने न दाखवता आडोशाच्या तोंडाशी ठेवून द्या, डब्यावर कापड टाका आणि सकाळपर्यंत उघडू नका. पुष्कळ लाजाळू पिल्ले कोणी पाहत नसतानाच खातात. सकाळी उरलेले भक्ष्य फेकून द्या.

4. कॉर्न स्नेकच्या बाबतीत पिल्लू आणि पिंकी दोघांना हवा जाण्याजोग्या लहान डबीत, ओलसर कागदाच्या तुकड्यासह रात्रभर ठेवा. डबी ठेवलेल्या जागी ऊब बेताची असावी.

5. वास बदला. पिंकी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा आणि मग द्या. तरी नाही जमले तर कोंबडीच्या पिल्लाच्या पिसांवर घासून द्या. बॉल पायथनसाठी उंदरांच्या पिंजऱ्यातला मूठभर वापरलेला भुसा डब्याच्या एका कोपऱ्यात ठेवल्यानेही भूक चाळवते.

6. मेलेल्या पिंकीच्या डोक्याला सुईने बारीक छिद्र पाडून द्या. आतल्या द्रवाचा वास लहान पिल्लाला ओढतो. हा उपाय ऐकायला नकोसा वाटतो, पण कॉर्न स्नेकच्या हट्टी पिल्लांवर तो पुष्कळदा चालतो.

7. सगळे करून पाहिल्यावरच तोंडात हलकेच भक्ष्य धरून देण्याचा विचार करा आणि तोही जाणकाराच्या किंवा पशुवैद्यकाच्या हातून. पिल्लाचा जबडा काडीएवढा नाजूक असतो. घाबरलेले पिल्लू खाल्लेले ओकून टाकते आणि त्यात त्याची उरलीसुरली शक्तीही जाते.

किती दिवस थांबायचे याचे उत्तर वजनकाटा देतो. ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन लिहून ठेवा. बॉल पायथनचे पिल्लू पहिल्या कातेनंतर चार-सहा आठवडे खाल्ले नाही, पण वजन टिकवून आहे, पाणी पिते आहे, डोळे तरतरीत आहेत, तर धीर धरा. कॉर्न स्नेकचे पिल्लू इवलेसे असते, त्याच्याकडे तेवढी शिल्लक नसते. तीन-चार आठवड्यांनंतर सल्ला घ्या. वजन दहाव्या हिश्श्याने उतरले, कातडीला सुरकुत्या पडल्या, पाठीचा कणा धारदार दिसू लागला, तोंडातून फेस किंवा श्वासातून घरघर आली, मान मागे वळून राहू लागली, तर एक दिवसही थांबू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक मोजके आहेत. पिल्ले निघण्याआधीच त्यांचा फोन नंबर हाताशी ठेवा.

खाल्लेले पिल्लाने ओकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरवू नका. दहा ते चौदा दिवस पोटाला विश्रांती द्या, तापमान तपासा आणि पुढचे भक्ष्य आधीच्या निम्म्या आकाराचे द्या.

साप हाताळल्यावर किंवा डबा साफ केल्यावर हात साबणाने धुवा. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात. पाच वर्षांखालच्या मुलांना सापाच्या डब्यापासून दूर ठेवा आणि भक्ष्याची पिशवी स्वयंपाकघरातल्या अन्नात मिसळू देऊ नका.

दूध नको, नांगर जपून

साप दूध पीत नाही, त्याचे पिल्लूही पीत नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दुधाला तोंड लावतो तो तहानेने, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. ते दूध त्याला पचत नाही आणि बाधते. अशा टोपलीत पैसे टाकू नका, 1926 वर कळवा.

त्याच सणाची दुसरी रीत मात्र मनापासून जपावी अशी आहे. श्रावण शुद्ध पंचमीला आपल्याकडे जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत, काही कापत-चिरत नाहीत. सापांची पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात ती याच दिवसांच्या आगेमागे. तो एक दिवस पाळणारा शेतकरी बाकीच्या हंगामातही थोडे जपू शकतो. उकिरडा उकरण्याआधी कडेने काठी आपटा, बांधाचे एक तोंड झुडपांसकट राहू द्या, कांदा चाळीखालची अंडी दिसली तर फावडे थांबवून फोन करा. बांधावर वाढलेली एक धामण चाळीतले, मक्याच्या कणगीतले आणि शेतातले उंदीर वर्षानुवर्षे मारत राहते, तेही फुकट.

देशी पिल्लू सापडले तर त्याला त्याच्या शिवारात जाऊ द्या, पहिला घास ते स्वतः शोधील. परदेशी पिल्लू पाळले असेल तर ऊब, आडोसा, ओलावा आणि एकांत एवढे आधी द्या, भक्ष्य त्यानंतर. दोन्हीकडे घाई माणसाला असते. ती आवरली तर यातली बहुतेक पिल्ले जगतात.